सागवानी दस्ता: एअर रायफलच्या नवीन स्टॉकच्या नोंदी, मे ते ऑक्टोबर २०२४

४ मे २०२४

रायफल माळ्यावरून खाली काढली. ब्रेक बॅरल (नळी मोडून स्प्रिंग ताणायची), स्प्रिंग पिस्टनची, पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंची नळीची, वडिलांनी घेतलेली. ताकद २० ज्यूलच्या आतली त्यामुळे लायसन्सचा प्रश्न येत नाही. पुतणी तेरा वर्षांची झालीय, मैत्रिणीबरोबर रेंजवर जाऊन आली आणि तेव्हापासून काका आपल्याकडं पण आहे ना, काका आपल्याकडं पण आहे ना, असं रोज चाललंय. आपलं कोल्हापूर, इथं पोरांना हा नाद लागायला वेळ लागत नाही.

मागच्या पडवीत बरोबर १० मीटर मिळतात. शेवटी दगडी भिंत, तिच्यापुढं जाड पत्र्याची पेटी, आत चिंध्या ठासून भरल्यात. पडवीचं दार आतून कडी लावूनच नेमबाजी, आणि दोघांच्याही डोळ्यावर चष्मा, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं.

पोत्याच्या टेक्यावरून पाच-पाच छर्ऱ्यांचे तीन ग्रुप मारले, ग्रुपचं माप म्हणजे पाच भोकं किती अंतरात पसरली ते. ३१ मिमी, २६ मिमी, ३४ मिमी. १० मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो, म्हणजे टेकून मारताना सुद्धा छर्रे काळ्याच्या बाहेर चाललेत. मागच्या दिवाळीला हीच रायफल, हेच छर्रे, १२-१३ मिमीचे ग्रुप देत होती, वहीत लिहून ठेवलंय. नळी हाताने हलवून बघितली तर स्टॉकमध्ये, म्हणजे लाकडी दस्त्यात, अख्खी ॲक्शन, म्हणजे नळी आणि पिस्टनचा लोखंडी भाग, डावी-उजवीकडं डुलतेय.

५ मे

आज जे दिसलं ते नीट लिहून ठेवतो कारण पुढचं सगळं काम यावरनंच ठरलं.

या रायफलला तीन स्क्रू आहेत. दोन पुढं, स्टॉकच्या दोन्ही बाजूंना आडवे, आणि एक मागं ट्रिगर गार्डमधून वर जाणारा. मागच्या दिवाळीला तिन्ही घट्ट करून मी प्रत्येकाच्या डोक्यावर आणि शेजारच्या वॉशरवर वहिनींच्या नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढली होती, स्क्रू फिरला तर रेघ तुटणार म्हणून. आज बघतो तर तिन्ही रेघा जशाच्या तशा, केसाइतकाही फरक नाही, आणि तरी पुढचे दोन्ही स्क्रू बोटांनी फिरतायत!

म्हणजे स्क्रू सैल झालेच नव्हते. लाकूड त्यांच्या खालून निघून गेलं होतं.

सगळे म्हणतात स्प्रिंगच्या रायफलला झटके बसतात म्हणून स्क्रू फिरून सैल होतात, थोडं लॉकटाइट (स्क्रू जागेवर धरणारा गोंद) लावा की झालं. काही रायफलींत ते खरं असेल पण माझ्या रायफलीत वेगळंच घडलंय. स्टॉक बीच लाकडाचा आहे आणि बीच हे हवेतल्या दमटपणाबरोबर फार हलणारं लाकूड. पावसाळ्यात ते फुगतं, स्क्रूचं डोकं काही मागं सरकत नाही, मग लाकडाच्या शिरा डोक्याखाली चेपल्या जातात आणि चेपलेल्या त्या चेपलेल्याच राहतात. ऑक्टोबर हीट आली की लाकूड आक्रसतं आणि आधी होतं त्यापेक्षा बारीक होऊन बसतं. असे किती पावसाळे या दस्त्याने काढलेत कोण जाणे. मागच्या दिवाळीला घट्ट केल्यावरही थंडी आणि उन्हाळ्यात वाळत वाळत अजून खाली गेलं.

स्क्रू परत घट्ट करून ग्रुप मारला: १४ मिमी. फक्त तेवढ्याने.

११ मे

पुतणीने विचारलं, पण काका, माशी (पुढचं साइट) आणि मागचं साइट दोन्ही लोखंडालाच आहेत ना, मग लोखंड लाकडात हललं म्हणून नेम कसा चुकेल? प्रश्न एकदम बरोबर आहे, मला उत्तर द्यायला संध्याकाळ लागली.

नेम धरतानाच्या स्थितीत काही फरक पडत नाही हे खरं. फरक पडतो चाप ओढल्यावर. पिस्टन पुढं सुटतो तशी रायफल आधी मागं येते, मग पिस्टन पुढच्या दाबलेल्या हवेवर जाऊन थांबतो तेव्हा रायफल पुढं झटका खाते, आणि हा खेळ साधारण १० मिलिसेकंदांचा, त्यातला बराचसा वेळ छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे छर्रा बाहेर पडतो तो हलत्या नळीतनं. ती प्रत्येक वेळी सारखीच हलली तर छर्रे एकाच भोकात जाणार. ॲक्शन आणि लाकडाचा सांधा एकदा डावीकडं टेकलेला, एकदा उजवीकडं, तर हलणं दर वेळी वेगळं आणि छर्रा पण वेगळीकडं. दस्ता चांगला म्हणजे काय तर जो दर वेळी सारखा वागतो तो. दिसायला कसाही असो.

तिला पटलं. मग म्हणाली मला हा लांब पण होतो. तिचं म्हणणं खरं आहे, चापापासून बटच्या टोकापर्यंत ३६ सेंमी भरतं, तिला ३१ च्या वर नको, ती मान पुढं ताणून गाल टेकवतेय आणि दर वेळी गाल वेगळ्या जागी. सांधा कितीही पक्का केला तरी गाल फिरत राहिला तर उपयोग नाही. ठरलं, नवीन स्टॉक करायचा.

१८ मे

लाकूड. बंदुकीच्या दस्त्याला पिढ्यानपिढ्या अक्रोड वापरत आलेत आणि त्याला कारण आहे, वजनाला बेताचं, चिवट, पटाशीला गोड आणि एकदा वाळलं की फार वेडंवाकडं होत नाही. पण अक्रोडाचा एवढा जाड सुका तुकडा इथल्या वखारीत मिळाला नाही. शिसव मिळत होतं, दिसायला राजा माणूस, पण पोरीच्या हाताला जड. मग आमच्या जुन्या घराची तुळई आठवली, वाडा उतरवला तेव्हा आजोबांच्या वेळचं ते सागवान ठेवून दिलं होतं.

आकडेमोड केली. लाकडातला ओलावा १ टक्का बदलला की वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं बीच साधारण ०.४३ टक्के हलतं, अक्रोड ०.२७, सागवान ०.१९. उन्हाळा ते पावसाळा ६ टक्के ओलावा वाढतो असं धरलं आणि पुढच्या स्क्रूखालचं लाकूड १० मिमी जाड, तर बीच ०.२६ मिमी फुगणार आणि सागवान ०.११ मिमी. एम ५ (५ मिमी जाडीच्या) स्क्रूचा एक फेरा म्हणजे ०.८ मिमी. म्हणजे बीचमध्ये जवळजवळ एक तृतीयांश फेरा, सागवानात एक सप्तमांश. हे कागदावर आल्यावर मला फार बरं वाटलं, नुसतं घरचं लाकूड म्हणून मायेपोटी वापरत नाहीये.

सागवानाचे दोष पण लिहितो. आडव्या ताकदीला अक्रोडाइतकं चिवट नाही, चिरतं. त्यात सिलिका असते म्हणून धार पटापट जाते. आणि तेलकट आहे, त्यामुळे अराल्डाइट धरायला कुरकुर करतं, आधी ॲसिटोनने पुसावं लागतं.

तुळईचे दोन जवळचे तुकडे कापून घेतले. एक ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवला, १४२ ग्रॅमचा १२८ झाला, म्हणजे ओलावा ११ टक्के. दुसरा २०० ग्रॅमला कापून फडताळात ठेवलाय, पॉलिश नाही काही नाही. तो आता वर्षभर माझा हवामान खात्याचा माणूस.

२५ मे

आराखडा फळीवर मारला. यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो मनगटाच्या जागी, म्हणजे चापामागचा बारीक भाग, जिथं मूठ बसते. लाकडाच्या रेघा तिथं दस्त्याच्या लांबीबरोबर सरळ धावल्या पाहिजेत. तिरक्या गेल्या तर रायफल एकदा पडली की तिथंच मोडणार. तुळईत एक गाठ होती ती टाळायला नमुना तीनदा सरकवला, शेवटी बटचं टोक थोडं खाली घेतलं तेव्हा रेघा जमल्या. गाठ गेली बाहेर, भुसभुशीत खिळ्याचं भोक पण गेलं बाहेर.

सुतारमामांनी पट्टी-करवतीवर कापून दिलं. म्हणाले असलं सागवान आता बघायला मिळत नाही, त्याची बंदूक करताय व्हय. मी म्हटलं मामा, पोरीसाठी आहे. मग त्यांनी पैसे घेतले नाहीत.

२ जून

खाच कोरायला सुरुवात. दिव्याचं काजळ धरून एरंडेल तेलात कालवलं, ॲक्शनच्या खालच्या बाजूला पातळ थर लावला, लाकडात दाबायचं, उचलायचं, जिथं काळा डाग लागला तेवढंच पटाशीने तासायचं, परत दाबायचं. दिवसभर एवढंच. साधारण ८० वेळा झालं असेल, मोजायचं सोडून दिलं. पटाशीला दर वीस मिनिटांनी धार. सागवानाची धूळ नाकाला झोंबते, मास्क लावूनच काम करायला हवं होतं, रात्रभर शिंका.

काम करताना रायफल कायम मोकळी, स्प्रिंग ताणलेली नाही आणि नळीत छर्रा नाही, दर वेळी हातात घेताना बघायचं. लिहून ठेवतो म्हणजे पुतणी वाचेल.

९ जून

चूक झाली. डाव्या बाजूचं पुढचं भोक हातड्रिलने बाहेरून मारलं आणि ड्रिल सागवानाच्या रेघेबरोबर वाहत गेलं, आत दीड मिमी पुढं निघालं. स्क्रू लागतो, पण लागताना ॲक्शनला डावीकडं ओढतो. पहिल्यांदा वाटलं चालेल, कानसीने भोक थोडं मोठं करू. मग रात्री झोप नाही, कारण हे चालणारच नाही. स्क्रूने धातू नुसता धरायचा असतो, वाकवायचा नसतो. ताणात बसलेली ॲक्शन लाकूड हललं की ताण बदलणार, आणि आपण जिथनं सुरुवात केली तिथंच परत.

सकाळी त्याच लाकडाची खुंटी करून भोक बुजवलं. परत मारताना उद्यमनगरातल्या मित्राकडं जाऊन उभ्या ड्रिल मशीनवर, गाइड लावून. आता ॲक्शन नुसती खाचेत ठेवली की तिन्ही स्क्रू बोटाने शेवटपर्यंत जातात आणि फक्त शेवटच्या पाव फेऱ्यात आवळतात. असंच पाहिजे.

१६ जून

बुश बसवले, हेच या सगळ्या प्रकल्पाचं मर्म.

मित्राच्या लेथवर पितळेचे तीन बुश काढले, म्हणजे छोट्या नळ्या, ज्यातनं स्क्रू जाईल. बुशचं एक तोंड स्क्रूच्या डोक्याला टेकतं, दुसरं थेट ॲक्शनला. म्हणजे आवळलं जातं ते धातूवर धातू, लाकूड मध्ये चिरडलं जातच नाही. लाकडाने फक्त बुशला भोवतीने धरून ठेवायचं. आतल्या बाजूला बुश लाकडाच्या ०.३ मिमी वर ठेवला, मुद्दाम, कारण पावसाळ्यात लाकूड फुगून बुशच्या पुढं आलं तर परत लाकूडच टेकणार आणि केलेलं सगळं वाया. मागच्या उभ्या बुशला पण तेवढीच जागा ठेवली, तिथं लाकूड ३० मिमी जाड असलं तरी त्या दिशेनं सागवान कमी हलतं, ०.१८ मिमी आलं हिशोबात.

मी काही नवीन शोधलेलं नाही हे पण लिहितो. थ्री नॉट थ्री ली-एनफिल्ड ही जुनी लष्करी रायफल एनसीसीत ज्यांनी हाताळलीय त्यांनी आठवून बघावं, इच्छापूरच्या कारखान्यातल्या रायफलींच्या पुढच्या लाकडात मॅगझिनच्या जरा पुढं एक आडवा स्क्रू असतो, लाकूड चिरू नये म्हणून मारलेला. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यात तिकडचं मऊ लाकूड वापरावं लागलं तेव्हा रिकॉइलचा (मागच्या झटक्याचा) मार जिथं बसतो तिथं त्यांनी तांब्याचे तुकडे बसवले. लाकूड मार झेलताना चेपतं, मग मार धातूवर घ्या, एवढंच सगळ्यांनी आपापल्या परीने केलंय.

ॲसिटोनने भोकं पुसली, लगेच हळू वाळणारं अराल्डाइट, ॲक्शनला मेणाचं पॉलिश दोन हात म्हणजे ती चिकटणार नाही, ज्या खाचांत अराल्डाइट शिरून अडकेल त्या सगळ्या लहान पोरांच्या खेळायच्या मातीने बुजवल्या. ट्रिगरच्या मागची एक खाच विसरलो होतो ती पुतणीने दाखवली. ती नसती तर रायफल आणि दस्ता कायमचे एक झाले असते.

१७ जून

२४ तासांनी रबरी हातोडीने हलकं ठोकलं. सुटली. खाचेत बघितलं तर अराल्डाइटमध्ये ॲक्शनच्या खालच्या बाजूचा ठसा आरशासारखा.

३० जून

पॉलिश. घासून घासून खांदे भरून आलेत. बाहेरून अळशीचं तेल, कारण हाताला ते जसं लागतं तसं दुसरं काही लागत नाही. पण अळशीच्या तेलाने ओलावा थांबतो हा समज चुकीचा आहे, पाण्याचा थेंब जरा वेळ अडतो, हवेतली वाफ सरळ आत जाते. म्हणून आतल्या सगळ्या खाचेला आणि जिथं लाकडाच्या शिरा उघड्या कापल्या जातात त्या बटच्या तोंडाला पीयूचे (पॉलीयुरेथेन वार्निशचे) चार हात दिले. उघड्या शिरा म्हणजे नळ्यांची तोंडंच, लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथनंच पितं, आणि बहुतेक दस्ते नेमके तिथंच कोरडे ठेवलेले असतात कारण बटप्लेटखाली झाकलं जातं.

स्टॉकचं वजन १०८५ ग्रॅम.

बटच्या मागं १० मिमीच्या चार चकत्या केल्यात त्याच लाकडाच्या. आत्ता ३१ सेंमी, पोर वाढेल तशी एकेक लावायची.

१४ जुलै

पाऊस. काही नाही.

२७ जुलै

पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलीय, आमच्याकडं पाणी नाही पण पाहुणे आलेत पूरपट्ट्यातले, घर भरलंय. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. फडताळातला तुकडा काढून तोलला: २०० चा २०९ ग्रॅम. म्हणजे ओलावा ११ वरनं जवळजवळ १६ टक्क्यांवर. स्टॉक १०८५ चा ११०४ झाला, साधारण पावणेदोन टक्के, म्हणजे पीयूने बरंच अडवलंय पण थांबवलेलं नाही. थांबणार पण नाही, लाकूड आहे ते.

ॲक्शन काढून बुश बघितले. आतल्या बाजूला अजून ०.२ मिमीच्या वर उघडे आहेत, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत जातोय. लाकूड ॲक्शनला कुठंही नवीन टेकलेलं नाही, काजळ लावून खात्री केली.

अशा हवेत बसून एक गोष्ट डोक्यात येतेय. १९६० च्या दशकात अमेरिकन मरीन स्नायपर एम ४० रायफली घेऊन व्हिएतनामच्या जंगलात गेले, त्यांचे दस्ते अक्रोडाचे होते, आणि तिथल्या दमट हवेत ते फुगून, वाकून नेम सरकायचा. १९७० च्या दशकात एम ४० ए १ आली तेव्हा दस्ता फायबरग्लासचा झाला. आपल्याकडचा जुलै बघितला की त्यांनी काय सोसलं असेल ते कळतं, तिथं तर ग्रुप मोठा होण्याची किंमत जीवाशी होती.

१ ऑगस्ट

आज काहीच काम नाही! कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य घेतलं, ४५१.४. राधानगरी तालुक्यातलं पोर. फटाके, पेढे, पुतणी अख्खी फायनल टीव्हीसमोर उभी राहून बघत होती. नंतर म्हणाली, काका त्यांच्या रायफलींना लाकूड कुठाय, सगळं लोखंडच दिसतंय.

ॲल्युमिनियमचे असतात आता, सांगितलं. गालाची पट्टी, बट, सगळं मिमीमिमीने सरकवता येतं आणि पावसाळ्याने त्याला काही होत नाही. मग आपण लाकडाचा का केला? म्हटलं, कारण आपल्याला तो घरी करता आला. तिने मान हलवली, आणि मग चकत्या कधी लावायच्या ते विचारलं.

२५ ऑगस्ट

पहिली खरी चाचणी. टेकून, पाच छर्रे: १० मिमी, ९ मिमी, १२ मिमी.

स्क्रू किती आवळायचा ते पण बघितलं, मित्राकडचा टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर आणून. १ न्यूटन मीटरला ग्रुप १६ मिमीपर्यंत पसरला, २ ला वरचे आकडे, ३ ला काहीच फरक नाही. तेव्हा २ वर ठेवलं. जास्त आवळलं म्हणजे जास्त अचूक असं नाही.

दुसरं, हाताने दस्ता आवळून धरला की छर्रे एकदम वर-उजवीकडं जातात, तळहातावर नुसता ठेवून रायफलला हवं तसं मागंपुढं होऊ दिलं की परत एकत्र. सांधा पक्का झाल्यावर आता ही माझ्या हाताची चूक स्पष्ट दिसायला लागलीय. आधी सगळं एकाच गोंधळात होतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

पाटावर पटाशी, रंधा, कानस, आणि रायफल. झेंडूची माळ पुतणीने घातली. नेलपॉलिशच्या रेघा २५ ऑगस्टलाच मारून ठेवल्यात.

२० ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट चालू आहे, दुपारी पडवीत उभं राहवत नाही. हाच दिवस बघायचा होता मला. तुकडा २०२ ग्रॅम. स्टॉक १०८९.

रेघा तिन्ही सलग. मे महिन्यात पण सलगच होत्या, म्हणून तेवढ्यावर विश्वास नाही. स्क्रू बोटाने फिरवून बघितला. नाही. दुसरा, नाही. तिसरा पण नाही. मग टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर १.८ वर लावून आवळायच्या दिशेनं बघितलं, तिन्ही जागचे हलले नाहीत. एक अख्खा पावसाळा फुगून परत वाळल्यावर.

टेकून: ९, ८, ११ मिमी.

मग पुतणीने उभं राहून १० मारले, एक चकती लावून, ३२ सेंमीवर. दहाही काळ्यात, त्यातले तीन नवाच्या आत. टार्गेट तिने काढून घेतलं, मला फक्त फोटो मिळाला. पुढचं वजन आणि स्क्रूची तपासणी मार्चअखेर.